पावसात एक ॲम्प उठतो, दुसरा उठत नाही: आधी रिमोट वायर तपासा

मृग बरसला की गाडीतल्या म्युझिक सिस्टिमची ही तक्रार सुरू होते आणि शब्दही दरवर्षी तेच असतात. मे महिन्यापर्यंत सगळं झकास वाजत होतं, आता दारातले स्पीकर वाजतात पण बेस नाही. किंवा बेस आहे आणि दारं मुकी. किंवा सकाळी काहीच नाही, दुपारी ऊन पडलं की सगळं सुरळीत. ‘दादानु, ॲम्प गेलो वाटता,’ हे निदानही सोबतच येतं. मग ॲम्प, म्हणजे स्टिरिओचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, काढतात, दुरुस्तीला देतात, तिथे टेबलावर तो मस्त वाजतो, परत गाडीत बसवला की पुन्हा गप्प. यात दुरुस्तीवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याने टेबलावर रिमोटच्या, म्हणजे ॲम्पला जागं करणाऱ्या बारीक तारेच्या, स्क्रूला थेट सप्लायचे १२ व्होल्ट दिलेले असतात. तुमच्या गाडीत ते १२ व्होल्ट तिथवर पोचतच नाहीत.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली, त्यातही किनाऱ्यालगतची गाडी असेल आणि तिच्यात एकापेक्षा जास्त ॲम्प असतील, तर माझा पहिला संशय ॲम्पवर नसतो आणि स्टिरिओवरही नसतो. तो असतो रिमोट तारेच्या जोडावर. ‘लोड जास्त झाला, रिले टाका’ हा सगळ्यांचा लाडका उपाय (रिले म्हणजे थोड्या करंटने चालणारा विजेचा स्विच). पण आधीचे जोड न तपासता रिले टाकला तर खाऱ्या हवेला खायला आणखी चार-पाच नवे जोड दिल्यासारखंच आहे. महिनाभर चालतं, मग तेच रडगाणं.

ही बारीक तार करते काय

बॅटरीतून ॲम्पला जाणारी जाड तार चोवीस तास जिवंत असते, पण ॲम्प झोपलेला असतो. स्टिरिओ चालू केला की त्याच्या मागच्या निळ्या, पांढरी रेघ असलेल्या तारेवर साधारण बॅटरीइतके व्होल्ट येतात. ते ॲम्पवर ‘रेम’ छापलेल्या स्क्रूवर पोचले की आतला पॉवर सप्लाय जागा होतो. एवढंच काम. आवाज या तारेतून जात नाही, त्यामुळे ती जाड घेतली म्हणून बेस वाढत नाही. असं सांगून जाड तार विकणारे भेटतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आजकालचा एक ॲम्प या तारेतून अगदी थोडा करंट मागतो, बहुतेक वेळा काही मिलिअँपिअरपासून पन्नासेक मिलिअँपिअरपर्यंत. पायोनियरच्या माहितीपुस्तिकांत या तारेची कमाल मर्यादा ३०० मिलिअँपिअर दिलेली असते. म्हणजे दारांसाठी एक चार चॅनलचा, वूफरसाठी एक मोनो आणि हौस म्हणून तिसरा, असे तीन साधे ॲम्प त्यात आरामात बसतात. याच तारेवर कोणी ॲम्प थंड ठेवायचे पंखे, एलईडीच्या पट्ट्या किंवा ॲन्टेनाची मोटर टाकली असेल तर मात्र गणित बिघडतं. ते आधी बघून घ्या. डिकीत निळा उजेड पाडायला पट्टी लावायची आणि ती याच तारेवर टाकायची, हा प्रकार वाटतो त्याहून जास्त गाड्यांत सापडतो.

आता तारेचा हिशेब. १८ गेजची तार, म्हणजे आपल्याकडे पाऊण किंवा एक स्क्वेअर एमएम म्हणून मिळते तसली, मीटरमागे साधारण ०.०२ ओहम. डॅशबोर्डपासून डिकीपर्यंत ६ मीटर धरली तर ०.१२ ओहम. तीन ॲम्पचे मिळून १५० मिलिअँपिअर गेले तरी तारेत पडणारे व्होल्ट ०.०२ च्या आत. तारेत काही हरवत नाही. पण त्याच वाटेवर हिरवा पडलेला एक जोड असू द्या, त्याचा रेझिस्टन्स ३० ओहम धरा. ०.१५ गुणिले ३०, म्हणजे ४.५ व्होल्ट तिथेच गेले. बॅटरी १२.४ वर असेल तर डिकीत पोचले ७.९.

आणि इथेच एक उठतो, दुसरा उठत नाही याचं उत्तर आहे. किती व्होल्टला जागं व्हायचं हे प्रत्येक ॲम्पमध्ये वेगळं असतं. एखादा आठाच्या जवळपासही उठतो, शेजारचा दहा मिळाल्याशिवाय हलत नाही. दोघंही ठणठणीत असतात. न उठणारा बिचारा दुकानाच्या वाऱ्या करतो.

याची एक खूण घरबसल्या बघता येते. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली तर दोनच ॲम्प लागतात, इंजिन सुरू केलं की तिसराही लागतो, असं होतंय का? इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटरमुळे गाडीचे व्होल्ट १४ च्या आसपास जातात. तेवढ्या दीड व्होल्टच्या टेकूवर तुमचा तिसरा ॲम्प उभा आहे. असं दिसलं की ॲम्प उघडायची गरज नाही, तार धरून मागे जायचं.

दिवा काय सांगतो

मीटर काढण्याआधी ॲम्पवरचे दिवे बघा. निम्मं काम तिथेच होतं. हिरवा किंवा निळा पॉवरचा दिवा लागला आणि आवाज नाही, तर रिमोट ठीक आहे. आरसीए (स्टिरिओकडून ॲम्पला आवाज आणणारी केबल), गेन (ॲम्पवरचं आवाजाच्या पातळीचं बटण), स्पीकरच्या तारा बघा. लाल, म्हणजे प्रोटेक्टचा दिवा लागला तरीही रिमोट ठीक आहे, कारण जागा झाल्याशिवाय ॲम्प तक्रार करणार कुठून? तिथे स्पीकर शॉर्ट आहे का, एखादी तार दाराच्या रबरात चिरडली आहे का, हे बघायचं. अजिबात दिवा नाही तरच हा लेख तुमच्या कामाचा.

दिवा नसेल तर तीन गोष्टी मोजायच्या: जाड लाल तारेवर बॅटरीइतके व्होल्ट आहेत का, ग्राउंड (गाडीच्या पत्र्याला जाणारी तार) बसलाय का, आणि रेमवर किती आहेत. पहिल्या दोन गोष्टींत लोक चुकत नाहीत. बॅटरीजवळचा आणि ॲम्पवरचा फ्यूज बघतात, ग्राउंडचा बोल्ट घासून घेतात. घोळ होतो तो तिसरी गोष्ट मोजताना.

मीटर खोटं बोलत नाही, पण फसवतं

नेहमीची पद्धत अशी: ॲम्पमधून रिमोटची तार सोडवायची, लाल प्रोब तारेच्या टोकाला, काळी बॉडीला. मीटर १२.३ दाखवतं. ‘रिमोट ओके आहे, ॲम्पच गेलाय.’ प्रकरण बंद.

डिजिटल मीटर आत साधारण १० मेगाओहमचं असतं. ते तारेतून जवळजवळ काहीच खेचत नाही. करंटच वाहत नसेल तर सडक्या जोडावर व्होल्ट पडणार कसे? ३० ओहमचा जोड असो की ३०० चा, मोकळ्या तारेवर मीटर १२.३ च दाखवणार. तार ॲम्पला परत लावली, करंट वाहायला लागला, की ते ७.९ होतात. म्हणून नियम एकच: सगळ्या ॲम्पच्या सगळ्या रिमोट तारा जागच्या जागी घट्ट, स्टिरिओ चालू, आणि मग रेमच्या स्क्रूच्या डोक्यावर प्रोब टेकवून मोजायचं. काळी प्रोब गाडीच्या पत्र्याला नको, त्याच ॲम्पच्या ग्राउंडच्या स्क्रूला लावा. नाहीतर ग्राउंडचा दोष लपून राहतो.

त्याहून सोपं: लाल प्रोब त्याच ॲम्पच्या जाड पॉझिटिव्हवर, काळी रेमवर. जेवढे व्होल्ट वाटेत हरवले तेवढे थेट दिसतात. स्टिरिओच्या आतला ट्रान्झिस्टरही थोडे खातो, त्यामुळे एक व्होल्टच्या आसपास आलं तर चिंता नाही. तीन, चार, पाच दिसले की वाटेत चोर आहे. मग काळी प्रोब एकेक जोड मागे सरकवत न्यायची. लाल प्रोब डिकीतच राहणार, म्हणून एक लांब तार क्रोकोडाइल क्लिपला लावून घ्या. ज्या जोडाच्या अलीकडे चार व्होल्ट आणि पलीकडे पाऊण, तो जोड कापायचा.

मीटर नाही म्हणून कोणी बल्बचा टेस्ट लॅम्प या तारेला लावू नका. १२ व्होल्ट, ५ वॉटचा साधा बल्बसुद्धा ४०० मिलिअँपिअरच्या वर खेचतो. स्टिरिओची हद्द ३०० ची. तपासता तपासता तुम्हीच त्याचं आउटपुट उडवाल.

जोड सापडतो कुठे

पहिली जागा स्टिरिओच्या मागे. तिथे कपलर असतो, पण रिमोटची तार बहुतेक वेळा तारा सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळून जोडलेली असते. एप्रिल-मेच्या उन्हात बंद गाडीच्या डॅशबोर्डमागे ती टेप तापते, डिंक पाघळतो, टेप सरकते. टेपची नळी एका बाजूला आणि उघडा पीळ दुसऱ्या बाजूला, असं दृश्य दिसतं. मग जूनमध्ये दमट खारी हवा आत शिरते. पीळ सोडवून बघा: वरून तांबूस दिसणारी तार आत काळी पडलेली, बोटांना हिरवट पूड लागते, नेहमी मऊ असणाऱ्या तारेच्या केसांचा ताठ काटा झालेला. चिमटीत धरून वाकवली तर दोन-चार केस तुटून पडतात.

हा कळंक टोकावर थांबत नाही. प्लास्टिकच्या आतून तो वर चढत जातो. म्हणून नुसतं टोक खरवडून परत पीळ देणं म्हणजे पुढच्या पावसाची सोय. इंच-इंच कापत मागे जा, आतलं तांबं लख्ख दिसेपर्यंत. कधी कधी वीतभर तार टाकून द्यावी लागते. द्या. तारेच्या किमतीपेक्षा डॅशबोर्ड पुन्हा उघडायची मजुरी जास्त आहे.

दुसरी जागा पायाखालचं कार्पेट. दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून तार मागे जाते आणि बरोबर तिथेच कोणीतरी कमी पडलेल्या तारेला तुकडा जोडलेला असतो. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. ओल्या चपला, ओल्या छत्र्या, आणि काचेखालच्या जाळीत आंब्या-फणसाचा पाला अडकला की तिथून झिरपणारं पाणी. कार्पेट वरून कोरडं लागतं, पण खालचा फोम दाबला की पाणी सुटतं. त्या फोममध्ये जोड असेल तर तो जूनमध्ये भिजतो तो दिवाळीपर्यंत वाळत नाही. उंबऱ्याखाली जोड ठेवायचाच नाही. डॅशबोर्डपासून डिकीपर्यंत एकसंध तार, मध्ये काही नाही.

तिसरी जागा डिकीत, मागच्या लाइटच्या रबराजवळ. आणि चौथी ॲम्पचा स्वतःचा स्क्रू. तारेचे मोकळे केस स्क्रूखाली दाबलेले असतात, त्यातले निम्मे बाहेर. खड्ड्यांनी स्क्रू सैल होतो. महामार्गाच्या कामाची कृपा म्हणा. टोकाला योग्य मापाचं थिंबल (धातूची टोपी) लावून क्रिम्प करा, म्हणजे पक्कडीने दाबून घट्ट करा, मग स्क्रू आवळा.

चिपळूणसारख्या ठिकाणी जुलै २०२१ च्या पुरात बुडालेली गाडी कोणी सेकंडहँड घेतली असेल तर मी जोड शोधत बसत नाही. रिमोटची तार या टोकापासून त्या टोकापर्यंत नवी ओढतो. शंभर-दोनशे रुपयांच्या तारेसाठी डिटेक्टिव्हगिरी परवडत नाही.

नवा जोड करायचाच असेल तर क्रिम्प किंवा सोल्डर, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आक्रसणारी नळी. साधी स्लीव्ह पाणी अडवत नाही. गोंदवाली गरम केल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर डोकावतो, तो दिसला म्हणजे जोड बंद झाला. जमलं तर टिन चढवलेली तार घ्या, बोटींच्या वायरिंगला वापरतात ती. तांबं उघडं नसल्याने खाऱ्या हवेत कितीतरी जास्त टिकते.

एका ॲम्पवरून दुसऱ्यावर उडी

आता मांडणीकडे. बहुतेक गाड्यांत स्टिरिओची तार पहिल्या ॲम्पच्या रेमला येते, त्याच स्क्रूखाली दुसरी तार दाबून ती दुसऱ्या ॲम्पला, तिथून तिसऱ्याला. जुन्या गणपतीच्या माळेतला एक बल्ब सैल झाला की सगळी माळ विझायची, काहीसं तसं. पहिला स्क्रू सैल झाला की तिन्ही गप्प, दुसरा झाला की तो आणि तिसरा गप्प. शिवाय एका स्क्रूखाली दोन तारा कधी नीट दाबल्या जात नाहीत. एक घट्ट, दुसरी नावापुरती.

त्याऐवजी डिकीत उंचावर, कोरड्या जागी एक छोटी टर्मिनल पट्टी बसवा. स्टिरिओची तार तिथे येईल आणि तिथून प्रत्येक ॲम्पला स्वतःची वेगळी तार. फायदा चालण्यापेक्षा शोधण्यात जास्त आहे. एक ॲम्प बंद पडला तर दोष फक्त त्याच्या तारेत, सगळे बंद पडले तर पट्टीच्या अलीकडे. आणि एखादा ॲम्प आतून बिघडून रिमोट खाली ओढत असेल, तर त्याची तार पट्टीवरून काढताच बाकीच्यांचे व्होल्ट वर जातात. एकेक तार काढून बघायला दोन मिनिटं पुरतात.

रिले कधी, आणि नीट कसा

पंखे आहेत, चार-पाच ॲम्प आहेत, जुना जास्त खेचणारा ॲम्प आहे, किंवा स्टिरिओ चायनीज अँड्रॉइडवाला असून त्याचं रिमोट आउटपुट मुळातच अशक्त आहे: अशा वेळी रिले हवाच. पण हेही ध्यानात घ्या की गाडीच्या साध्या १२ व्होल्ट रिलेची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) साधारण ८५-९० ओहमची असते. म्हणजे एकटी कॉइलच १५० मिलिअँपिअरच्या जवळ खाते. वरच्या हिशेबातले तीन ॲम्प मिळून जेवढं खातात तेवढंच. तीन साध्या ॲम्पसाठी रिले टाकून स्टिरिओवरचा भार काही कमी झाला नाही, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं.

जोडणी (हे आकडे रिलेच्या पायांवर छापलेले असतात): ८५ ला ग्राउंड, ८६ ला स्टिरिओची निळी-पांढरी तार, ३० ला फ्यूजमधून बॅटरीचा प्लस, ८७ वरून ॲम्पच्या पट्टीला. फ्यूज २ अँपिअरचा पुरे, आणि तो जिथून प्लस घेतला तिथेच जवळ. पाच पायांच्या रिलेत मधला ८७ए असतो. त्याला चुकून तार लागली तर उलटा कारभार होतो: स्टिरिओ चालू असताना ॲम्प बंद, स्टिरिओ बंद केला की ॲम्प रात्रभर जागे.

कॉइलवर एक १एन४००७ डायोड (एकाच दिशेने करंट जाऊ देणारा छोटा भाग) आडवा टाका, पांढरी पट्टी ८६ कडे. रिले सुटताना कॉइल उलटा झटका देते, तो डायोड गिळतो. नसला तर झटका थेट स्टिरिओच्या त्या नाजूक ट्रान्झिस्टरवर जातो. दुकानात एक-दोन रुपयांना मिळणारी वस्तू, आणि तिच्याअभावी मेलेल्या रिमोट आउटपुटांची गणती नाही. डायोड उलटा लावलात तर स्टिरिओचं आउटपुट थेट ग्राउंडला शॉर्ट होईल, म्हणून पट्टी दोनदा बघा.

आता किनाऱ्यावरची खास गोष्ट, जी घाटावरचे मित्र मानत नाहीत. रिले ‘टिक’ करतो, कॉइलला व्होल्ट बरोबर आहेत, तरी ८७ वर कधी १२, कधी ४, कधी शून्य. ३०-४० अँपिअरचा हेडलाइटचा रिले आपण १५० मिलिअँपिअरसाठी वापरतो. असले मोठे संपर्क दणदणीत करंटसाठी बनवलेले असतात; त्या करंटच्या ठिणगीनेच त्यांच्यावरचा काळा थर जळून साफ होत राहतो. आपल्या चिमूटभर करंटने तो थर जात नाही, खाऱ्या हवेत तो वाढतच जातो. उघड्या, स्वस्त रिलेत हे एका पावसातही होतं. रिले काढून ठोकला की चालतो आणि लोक म्हणतात ‘लूज होता’. पूर्ण सीलबंद, लहान क्षमतेचा रिले घ्या, आणि तो पाय खाली करून बसवा, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी बेसमध्ये साचणार नाही.

तार बरोबर आहे, पण तीच नाही

कधी जोड उत्तम असतात, घोळ मुळात चुकीची तार घेतल्याचा असतो. खुणा ठरलेल्या आहेत. एफएम लावलं की ॲम्प चालतात, ब्लूटूथ किंवा यूएसबीवर गेलं की बंद: कोणीतरी पूर्ण निळी, म्हणजे ॲन्टेनाची तार घेतली आहे. ती बऱ्याच स्टिरिओंत रेडिओपुरतीच जिवंत असते. कोकणात घाटात शिरलं की एफएम खरखरतं, माणूस पेन ड्राइव्हवर जातो आणि ॲम्प गप्प होतात, त्यामुळे ‘घाटात बंद पडतं’ अशीही तक्रार ऐकली आहे. अँड्रॉइड स्टिरिओवर ‘ॲम्प कॉन’ आणि ‘ॲन्ट कॉन’ अशा दोन चिठ्ठ्या असतात. चिठ्ठीवर विसंबू नका, मीटर लावून प्रत्येक सोर्सवर बघा.

स्टिरिओ बंद केला तरी ॲम्पचे दिवे लागलेले आणि किल्ली काढल्यावरच जातात: रिमोट किल्लीच्या एसीसी लाइनवरून, म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणाऱ्या तारेवरून, घेतला आहे. चालतं, पण स्टार्टर मारताना ती लाइन क्षणभर तुटते आणि वूफर दण्णकन उडी मारतो.

किल्ली काढूनही दिवे लागलेले: ही खरी काळजी. ॲम्प नुसता जागा राहिला तरी अर्धा ते एक अँपिअर खाऊ शकतो. तिघांचे दोन-अडीच धरा. रात्रीच्या दहा तासांत २०-२५ अँपिअर-तास गेले, आणि लहान गाडीची बॅटरी ३५ ची. गणपतीत चाकरमानी गाडी खळ्यात उभी करून दीड दिवस आरत्यांत रमतो आणि निघताना गाडी ढकलायला वाडीतली पोरं गोळा करावी लागतात. पट्टीवरून स्टिरिओकडची तार काढा. दिवे गेले तर दोष पुढे, स्टिरिओकडे किंवा चिकटलेल्या रिलेत. राहिले तर एखादा ॲम्प स्वतःच्या रेमवरून उलटे व्होल्ट सोडतोय का ते बघा. ॲम्पच्या तारा एकेक करून काढल्या की तो सापडतो. काही ॲम्पवर स्पीकरच्या तारेवरचे व्होल्ट ओळखून आपोआप उठायचं बटण असतं. ते चुकून चालू राहिलं असेल तर रिमोट काढूनही तो झोपत नाही.

कंपनीच्या मूळ स्टिरिओला रिमोटची तारच नसेल तर हेच बटण कामी येतं. अशा स्टिरिओच्या स्पीकरच्या तारांवर चालू असताना साधारण ६ व्होल्ट डीसी उभे असतात, ॲम्प ते ओळखतो. मात्र एकाच ॲम्पला हे काम द्या, आणि त्याच्या रिमोट आउटवरून बाकीच्यांना उठवा. तिघंही आपापल्या अकलेने उठायला लागले की एक आधी, एक नंतर, आणि प्रत्येक वेळी वेगळा ‘ठप्प’ आवाज. डीएसपी (स्टिरिओ आणि ॲम्पच्या मध्ये बसणारा, आवाज सुधारणारा प्रोसेसर) असेल तरीही हाच क्रम: स्टिरिओ डीएसपीला उठवणार, डीएसपी ॲम्पना.

शेवटची चाचणी

सगळं करूनही एक ॲम्प उठत नसेल तर ही चाचणी करा. त्याच्या रेममधून रिमोटची तार आधी पूर्ण काढा. ती तशीच ठेवून १२ व्होल्ट दिलेत तर ते उलटे स्टिरिओत आणि बाकीच्या ॲम्पमध्ये शिरतील. मग १ अँपिअरचा फ्यूज असलेला तारेचा छोटा तुकडा त्याच ॲम्पच्या जाड प्लसवरून रेमला टेकवा. वूफरची तार काढून ठेवलेली बरी. दिवा लागला तर ॲम्प निर्दोष आहे, पुन्हा तारेकडे जा, कुठेतरी एक जोड तुमच्या नजरेतून सुटलाय. दिवा लागला नाही, प्लस आणि ग्राउंडवर व्होल्ट पुरेसे आहेत आणि ॲम्पवरचे फ्यूज शाबूत आहेत, तर तो खरोखर आजारी आहे. आता न्या दुरुस्तीला, आणि सांगताना ‘आवाज येत नाही’ एवढंच सांगू नका. ‘रेमला थेट १२ दिले तरी दिवा लागत नाही’ असं सांगा, म्हणजे तो आधी पॉवर सप्लाय उघडेल आणि टेबलावर वाजवून तसाच परत पाठवणार नाही.